परत आलेले वॉट

माझ्या टेबलावरच्या मीटरला दोन काटे आहेत. काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून ते उगवतात आणि वर कुठेतरी एकमेकांना छेदतात. एक काटा पुढे गेलेली शक्ती दाखवतो, दुसरा परत आलेली. जिथे छेदतात तिथे बारीक लाल वक्र रेषा आखलेल्या आहेत. छेदाखालची रेष वाचली की एसडब्ल्यूआर कळतो. मोर्सची कळ दाबून धरली की दोघंही उठतात. पहिला झपकन, दुसरा जरा अनिच्छेनं.

हॅम रेडिओवाल्या कुणाच्याही खोलीत जा, पाहुण्याची नजर आधी दुसऱ्या काट्याकडे जाते. जाणाऱ्याचं कौतुक थोडं आणि परतणाऱ्याची चौकशी फार. "रिफ्लेक्टेड किती?" हा प्रश्न आमच्यात "प्रकृती कशी आहे?" या चालीवर विचारला जातो आणि "काही नाही, काटा हलतसुद्धा नाही" असं उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. गेली काही वर्षं मला या समाधानाचा संशय येऊ लागला आहे.

लहर परत का येते, हे समजायला मला पुस्तकांपेक्षा आमचा किनारा जास्त उपयोगी पडला. हर्णैच्या आसपास समुद्र जमिनीला दोन तऱ्हांनी भेटतो. कर्द्याच्या पुळणीवर लाट येते, पसरते, फेस होते आणि वाळूत जिरून जाते. परतणारं पाणी नावापुरतं. तीच लाट कनकदुर्गाच्या कातळावर आपटली की पाठ फिरवते. परतताना मागून येणाऱ्या लाटेला भेटते आणि त्या भेटीत पाणी पुढे सरकायचं सोडून जागच्या जागी वर-खाली होऊ लागतं. एका ठिकाणी उंच उधाण, हातभर पलीकडे पाणी जवळजवळ निवांत. केबलमध्ये हेच घडतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. व्होल्टेजची उधाणं आणि खळगे एकाच जागी ठाण मांडून बसतात. सर्वांत उंच जागा आणि सर्वांत खोल जागा यांचं गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर.

आणि कातळ म्हणजे काय? ५० ओहमच्या केबलमधून धावणाऱ्या लहरीत व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांचं एक ठरलेलं प्रमाण असतं. टोकाला पोचल्यावर अँटेना म्हणते, मला हे प्रमाण चालत नाही, माझं निराळं. टोकाशी तर दोघांचा हिशेब जुळलाच पाहिजे. निसर्ग त्यात उधारी ठेवत नाही. मग जुळवणीपुरती एक लहर उलट दिशेला निघते. अँटेना १०० ओहमची असेल तर व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग परत फिरतो, म्हणजे शक्तीचा एक नवमांश. शंभर वॉट गेले तर अकरा परतले, एसडब्ल्यूआर दोन. एसडब्ल्यूआर दीड असेल तर परतात चार वॉट, तीन असेल तर पंचवीस.

पंचवीस हा आकडा ऐकून लोक घाबरतात. चौथाई शक्ती वाया गेली! परत येऊन ट्रान्समीटर जाळणार! ही भीती इतकी घट्ट रुजली आहे की नव्या हॅमला परवान्याबरोबरच मिळते म्हणायला हरकत नाही. तिच्यात थोडं तथ्य आहे. आजचे ट्रान्झिस्टरचे सेट ५० ओहमच्या अपेक्षेनं बांधलेले असतात. एसडब्ल्यूआर दोनच्या पलीकडे सरकायला लागला की बरेचसे सेट आपण होऊन शक्ती आखडती घेतात. पण त्यांचा त्रास परत आलेले वॉट अंगावर पडल्याचा नसतो. केबलच्या खालच्या टोकाशी त्यांना भलताच भार दिसतो, त्याचा असतो. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला पुढच्या बाजूला दोन फिरवायचे कपॅसिटर असत. ते जुळवले की सेट बराच बिघडलेला भारही सांभाळून घेई आणि मालकाला एसडब्ल्यूआर नावाची गोष्ट आहे हे कळायचंही नाही.

अमेरिकेतल्या वॉल्टर मॅक्सवेल नावाच्या इंजिनिअरनं १९७३ साली 'क्यूएसटी' मासिकात या विषयावर लेखमाला सुरू केली. हा माणूस आरसीए कंपनीत उपग्रहांच्या अँटेनांवर काम केलेला, म्हणजे हवेत गप्पा मारणारा नव्हे. त्याचं म्हणणं सरळ होतं: परत आलेली शक्ती ही गमावलेली शक्ती नाही. सेट आणि केबल यांच्यामध्ये ट्यूनर बसवून नीट जुळवला की परतीची लहर तिथूनच माघारी वळते आणि पुन्हा अँटेनाकडे निघते. केबलमध्ये काही गळती नाही असं धरलं, तर एसडब्ल्यूआर तीन असताना शंभर वॉटच्या सेटवर ट्यूनरनंतरच्या मीटरमध्ये पुढे जाणारे १३३ वॉट दिसतात आणि परत येणारे ३३. पहिल्यांदा पाहणारा मीटर बिघडला म्हणतो. शंभराच्या सेटमधून एकशेतेहतीस कसे? पण १३३ उणे ३३, शंभरच. अँटेनात शंभर गेले. मधले तेहतीस केबलमध्ये येरझाऱ्या घालत राहतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत.

अर्थात केबल कधीच गळतीशिवाय नसते आणि येरझाऱ्या घालणारी शक्ती प्रत्येक फेरीला थोडी झिजते. पण किती? ७ मेगाहर्ट्झवर, वीस मीटर जाड आरजी-२१३ केबलमध्ये, एसडब्ल्यूआर तीन असल्याचा जादा दंड साधारण ०.२ डेसिबेल. ऐकणाऱ्याच्या सेटवरच्या मीटरचं एक एस-युनिट सहा डेसिबेलचं धरतात. पलीकडच्या माणसाच्या कानाला, काट्याला, कशालाच हा फरक कळणार नाही. त्याच ०.२ डेसिबेलसाठी भर उन्हात छपरावर चढून तार बोटाबोटानं कापत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. छंद आहे, कापा बापडे. पण फळाची अपेक्षा ठेवू नका.

हा विषय मला पहिल्यांदा उलगडून दाखवला तो गावातल्या एका काकांनी. ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. ५०० किलोहर्ट्झवर मोर्स. लहर सहाशे मीटर लांबीची. अशा लहरीला चतुर्थांश लांबीची तार द्यायची तर दीडशे मीटर हवी आणि जहाजाच्या दोन डोलकाठ्यांमध्ये तेवढी जागा कुठली? मग आखूड तार आणि तिची उणीव भरून काढायला भली मोठी कॉइल. काकांना परत येणारी शक्ती दाखवणारा मीटर फारसा कधी भेटलाच नाही. त्यांच्या ट्रान्समीटरवर होता अँटेनाचा अ‍ॅमीटर, तारेत किती प्रवाह चढतोय हे दाखवणारा. चाकं फिरवायची आणि तो काटा जास्तीत जास्त वर न्यायचा, बस. वादळी हवेत तारेच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मीठ साचलं की प्रवाह उतरायचा. हवा निवली की वर चढून गोड्या पाण्यानं ते धुवायचे.

माझा दोन काट्यांचा मीटर पाहून ते म्हणाले होते, "अरे, तुम्ही पोरं परत काय आलं तेवढंच मोजता. वर गेलं किती ते कोण बघणार?"

"पुढे जाणारी दिसते ना काका, हा पहिला काटा."

"ती केबलमध्ये पुढे गेली. तारेत गेली का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. १ फेब्रुवारी १९९९पासून जहाजांवरची ती मोर्सची व्यवस्था अधिकृतपणे मागे पडली, उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणा आल्या आणि काकांचा प्रश्न त्यांच्याबरोबर किनाऱ्याला लागला. मला तो अजून पुरतो आहे.

कारण तो आमच्या पावसात दर वर्षी नव्यानं उभा राहतो. जूनच्या आधी मी माझ्या परीनं सगळं करतो. वरच्या जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळतो, केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ ठेवतो म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल. पण कोकणातलं पाणी वरून पडतं तसं बाजूनं येतं, खालून येतं आणि नुसत्या हवेतूनही येतं. एखाद्या केसाएवढ्या फटीतून ते आत शिरलं की केबलच्या तांब्याच्या जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, मीटर-मीटर सरकत जातं. खाऱ्या वाऱ्याची त्याला साथ. तांबं आधी तपकिरी होतं, मग काळं, आणि जोडाशी हिरवी पूड धरते.

आता गंमत अशी की या सगळ्या काळात परतीचा काटा काय करतो? खाली येतो! जूनमध्ये पाच-सहा वॉट दाखवणारा काटा श्रावणात दोनावर, भाद्रपदात जवळजवळ शून्यावर. ज्याला दुसऱ्या काट्यावरच विश्वास ठेवायची सवय आहे त्याला वाटावं, पाऊस मानवला अँटेनाला. प्रत्यक्षात सडलेली केबल शक्ती खात असते. जाताना खाते, टोकाहून जे परत फिरतं त्यातलंही येताना खाते. मीटरपर्यंत पोचतो तो उरलासुरला तुकडा. तुकडा लहान म्हणून एसडब्ल्यूआर सुंदर. बँड मात्र कानाला मंद लागतो. रोजचे ओळखीचे आवाज भिंतीपलीकडून बोलल्यासारखे येतात.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. १४५ मेगाहर्ट्झवर बारकी आरजी-५८ केबल पंधरा मीटर टाकली तर ती नवीकोरी असतानाच सुमारे तीन डेसिबेल, म्हणजे निम्मी शक्ती खाते. वरून अँटेना काढून टाकली, केबलचं टोक उघडं ठेवलं. शंभर निघाले, पन्नास वर पोचले, पन्नासच्या पन्नास परत फिरले, खाली आले पंचवीस. मीटर सांगतो एसडब्ल्यूआर तीन. केबल दुप्पट लांब असेल तर खाली येतात सहा आणि मीटर सांगतो १.७, म्हणजे लोक ज्याला "चालेल की" म्हणतात तो आकडा. वर अँटेनाच नाही! यापुढचं टोक म्हणजे डमी लोड: ५० ओहमचा रोध, तेलाच्या डब्यात बुडवलेला. परतीची शक्ती शून्य, एसडब्ल्यूआर एकास एक, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर, बारा महिने. आकाशात काहीही जात नाही, तेल तेवढं तापतं. 'प्रत्येक बँडवर एकास एक' अशी अँटेनाची जाहिरात वाचली की मला तो तेलाचा डबा आठवतो.

मीटरही काही हरिश्चंद्र नाही. तो करतो काय, तर केबलमधल्या व्होल्टेजचा थोडा नमुना घेतो, प्रवाहाचा थोडा नमुना घेतो; बेरीज केली की पुढची लहर मिळते, वजाबाकी केली की परतीची. ही वजाबाकी बिनचूक व्हावी लागते आणि स्वस्त मीटरमध्ये ती होत नाही. दोन दिशा वेगळ्या ओळखण्याची त्याची ताकद वीस डेसिबेल असेल, तर पुढे जाणाऱ्या शंभर वॉटमधला एक वॉट चुकून परतीच्या खात्यात झिरपतो. नामांकित बर्ड ४३ मीटर घ्या. त्याचा गोल खटका बाणासकट फिरवून दिशा बदलायची, दणकट वस्तू. त्याचीही अचूकता पूर्ण मापाच्या अधिकउणे पाच टक्के. शंभर वॉटच्या खटक्यावर म्हणजे पाच वॉट. त्यावर "माझे दोन वॉट परत येतात" असं सांगणारा माणूस खरं तर धूळ वाचत असतो. कमी शक्तीवर काम करणाऱ्यांची आणखी एक पंचाईत होते. आतल्या डायोडला जागं व्हायलाच थोडं व्होल्टेज लागतं. पाच वॉटच्या सेटची परतीची लहर इतकी क्षीण असते की डायोड झोपलेलाच राहतो आणि काटा शून्यावर. शक्ती वाढवली की तीच अँटेना एकाएकी बिघडल्यासारखी दिसते.

मला सर्वांत मजेशीर वाटतो तो पाहुण्यांचा प्रकार. मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मनोरे आहेत. अशा कुठल्याही जबर मनोऱ्याच्या शेजारी अँटेना उभारली की ती त्याची शक्ती ओढून घेते आणि केबलमधून खाली पाठवते. मीटरला काय, वरून खाली येणारं ते सगळं 'परत आलेलं'. सेट नुसता ऐकत बसला आहे, तुम्ही कळ दाबलेलीही नाही आणि काटा मात्र हलतो आहे. त्या वॉटशी तुमचा काडीचा संबंध नाही, तरी तुमच्या नावावर लागतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडकडच्या बागाही त्यानं झोडपल्या. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. माझा ७ मेगाहर्ट्झचा डायपोल दोन माडांमध्ये आडवा होता; वीस मीटर तार, एका टोकाला कप्पी आणि कप्पीवरून सोडलेल्या दोरीला दगड, म्हणजे माड डोलला तर दगड खाली-वर होईल, तार तुटणार नाही. वादळात एक माड मुळासकट गेला. वीज यायलाच कितीतरी दिवस लागले आणि अँटेना ही काही त्या वेळी आठवायची गोष्ट नव्हती. पुढे सवड झाल्यावर उरलेल्या माडाच्या मानेशी तारेचा मध्य बांधला आणि दोन्ही टोकं उतरती, जमिनीकडे आणली, छपराच्या आकारात.

कळ दाबली. परतीचा काटा आधीपेक्षा खाली! आडव्या डायपोलची त्या उंचीवर प्रवृत्ती सत्तर-ऐंशी ओहमकडे असते. टोकं उतरवली की ती पन्नासाजवळ येते. केबलचं आणि तारेचं जास्त पटू लागलं, एवढंच. ज्यांच्याशी रोज बोलणं होतं त्यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आवाज होता तसाच आहे, किंचित कमीच असेल. टोकं जमिनीजवळ आली, जमिनीनं आपला वाटा घेतला. मीटर मात्र वादळाचे आभार मानत होता.

परतीच्या लहरीबद्दल वाईट बोलून संपवणं मला जड जातं, कारण रेडिओचा जन्मच तिच्या मदतीनं झाला आहे. १८८८ साली कार्ल्सरूहच्या व्याख्यानगृहात हाइनरिख हर्ट्झनं भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला आणि त्यावरून लहरी परतवल्या. जाणारी आणि परतणारी मिळून हवेत उधाणं-खळगे उभे राहिले. हातातल्या कड्याच्या फटीत ठिणगी कुठे ठळक होते आणि कुठे विझते ते चाचपत त्यानं त्यांच्यातलं अंतर मोजलं, त्यावरून लहरीची लांबी. ही नुसती विजेची ठिणगी नाही, लहर आहे, हे ठरलं ते परतण्यामुळे. आणि आजही सकाळी आठच्या सुमारास हर्णैहून पुण्याशी बोलायचं तर माझी लहर सह्याद्री ओलांडून थेट जाऊ शकत नाही. कमी उंचीवरची तार तिला सरळ वर फेकते, अडीच-तीनशे किलोमीटरवरचा आयनांबर तिला वाकवून खाली पाठवतो, तेव्हा ती घाटापलीकडे उतरते. केबलमधून परतली तर तक्रार, आभाळातून परतली तर गप्पा.

तेव्हा दसऱ्यानंतर ऊन पडलं, छपराची शेवाळ वाळली की एक काम करा. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवा, तसंच उघडं ठेवा आणि खाली येऊन अ‍ॅनालायझरनं मोजा. आमच्यातल्या बहुतेकांकडे आता नॅनोव्हीएनए असतो, नसेल तर मित्राचा आणा. ७ मेगाहर्ट्झवर वीस मीटर चांगल्या केबलमधून जवळजवळ सगळंच्या सगळं परत यायला हवं. निम्मं वाटेतच हरवत असेल तर ट्यूनरला हात लावू नका, तार कापू नका, केबल बदला.